अंदाजाबाहेरची पावलं

"पिवळी आली रे, पिवळी!"

बेकरीच्या पायरीवर बसलेल्या पोरांपैकी कुणीतरी बोंब ठोकली, तेव्हा शलाकाच्या लक्षात आलं की समोरच्या खांबावरचं दिव्याचं हिरवं कडं पिवळं झालंय. तिने वळून पाहिलं. चार वर्षांची कुहू रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून एका लंगड्या कोंबडीची चौकशी करत होती. अंगणवाडी हाकेच्या अंतरावर होती, पण तिथवर पोचायला या पोरीला रोज अख्खं जग ओलांडावं लागे.

मागे फुलांचे दोन टेम्पो आणि एक एसटी, सगळे एका दमात मंदावले. कुणी ब्रेक मारला नव्हता. गाड्यांनीच आपणहून जोर सोडला होता.

"अवो बाई, उचला की तिला काखंला!" पुढच्या टेम्पोतून विलासनानांनी मुंडकं बाहेर काढलं. माळशिंगीतल्या फूल वाहतूकदारांचे ते पुढारी. "आमची गुलाबं पुण्याला पोचंस्तवर म्हातारी व्हायची."

"नाना, ती नुसती बसलीय. रस्त्यावर आलेलीसुद्धा नाही."

"तेच तर! बसलीय, पण कधी उठंल आन कुठं पळंल, त्याचा नेम खांबाला लागंना. त्याला आमी काय करावं?"

एसटीच्या खिडक्यांतून माणसं पाहत होती. कोंबडीकडे नाही, पोरीकडेही नाही, आईकडे. शलाकाने कुहूला उचललं. कडं हिरवं झालं आणि गाड्या सुटल्या. तिला उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं.

खांब आले तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद झाला होता तो शलाकाला. ती मुळातच धास्तावलेल्या जिवाची. कुहू झाल्यापासून दारावरून जाणारा प्रत्येक टेम्पो तिला आपल्याच पोरीच्या दिशेने येतोय असं वाटायचं. पाटीवर 'ताशी ३०' लिहिलेलं होतं. पाटी कोण वाचतो? मग जिल्ह्याने माळशिंगीची निवड केली आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचे करडे खांब उभे राहिले. शलाका पदार्थविज्ञानाची पदवीधर. ते कसे चालतात हे तिने पहिल्या आठवड्यातच समजून घेतलं होतं.

खांबात कॅमेरा नव्हता, रडार होतं. माणसाचा चेहरा त्याला दिसत नसे. दिसायची ती चाल: खांदा कुठे झुकला, टाच कधी उचलली, वजन कुठल्या पायावर आलं. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते आणि पाऊल टाकण्याआधी शरीर चुगली करतं. हजारो चाली पाहून खांब शिकला होता, की हा माणूस पुढच्या चार सेकंदांत कुठे असेल. त्यावरून तो गाड्यांना वेग ठरवून देई आणि नव्या कायद्याने प्रत्येक गाडीत बसवलेला नियंत्रक तो निमूटपणे पाळी.

यातला गणिताचा भाग सोपा होता. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला जागा चौपट लागते. ते कुठलंही यंत्र बदलू शकत नाही. यंत्राला एकच करता येतं: आधी कळणं. जितकं आधी कळेल, तितकं जोरात जाता येईल. चार सेकंदांचा अंदाज होता म्हणून चाचणीत पंचेचाळीसची मुभा मिळाली होती. आता साठचा ठराव ग्रामसभेपुढे यायचा होता; तो पडला तर पंचेचाळीसची मुभाही जाऊन पुन्हा तीसच. साठसाठी खांबाला सात सेकंद आधी कळायला हवं होतं.

सात सेकंदांनंतर कुहू कुठे असेल, हे खुद्द कुहूलाही माहीत नसे.

रस्त्यावर जितकी माणसं असतील, त्यांतल्या सगळ्यात बेभरवशाच्या माणसावरून खांब वेग ठरवी. तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा कुहूच असायची. म्हणून ती 'पिवळी'.

---

"एका पट्ट्याचा तर प्रश्न आहे," संग्राम म्हणाला. त्याने ताटाशेजारी डबी ठेवली. आत जांभळा मऊ पट्टा होता, त्यावर फुलपाखरू. "देवस्थळीसाहेबांनी स्वतः दिलाय. सगळ्यांच्या पोरांनी घातले. आपलीच राहिलीय."

देवस्थळी हे खांब बसवणाऱ्या कंपनीचे अभियंते. गोड बोलणारे, कुणाच्याही घरी चहाला नाही न म्हणणारे.

"हा करतो काय नेमकं?"

"काही नाही. पोर भलतीकडे वळायला लागली की मनगटावर जरासं थरथरतं. तेवढंच. सरळ चालायची आठवण."

"सरळ चालायची आठवण घोड्याला देतात, अहो. चार वर्षांच्या पोरीला कशाला?"

"शलू, टेम्पोंच्या नावाने कोण रडायचं? तूच ना?" संग्रामच्या आवाजाला धार आली. त्याची स्वतःची गुलाबाची शेती; पहाटेच्या बाजारात माल उशिरा पोचला की काय होतं ते तो रोज भोगत होता. "मला येता-जाता लोक ऐकवतात. तुझ्या पोरीपायी गाव अडलंय म्हणतात. मी किती दिवस हसण्यावारी न्यायचं?"

दुसऱ्या दिवशी देवस्थळी अंगणवाडीपाशी भेटले, तेव्हा तिने त्यांनाच गाठलं.

"सक्ती मुळीच नाही, ताई," ते म्हणाले. "फक्त एक लक्षात घ्या. पट्टा असलेली मुलं खांबाला लांबून समजतात. पट्टा नसलेलं मूल... उशिरा समजतं."

बोलण्यात धमकी नव्हती. काळजीच होती. तीच तिच्या मनात काट्यासारखी रुतून बसली. त्या संध्याकाळी तिने कुहूच्या मनगटावर फुलपाखरू बांधलं.

आठवड्याभरात पोरांचं 'पिवळी, पिवळी' थांबलं. नाना टेम्पोतून हात करू लागले. संग्राम घरात शीळ घालू लागला. सगळं इतकं सुरळीत झालं, की शलाकाला संशय येऊ लागला.

तिचं निरीक्षण दांडगं होतं. सासरी त्याला 'टेहळणी' म्हणत. आता ती ओट्यावर बसून रस्ता पाहू लागली. गाड्या झोकात जात होत्या. पण पारावरची दुपारची बैठक कुठे गेली? शेजारच्या बायडाआक्का सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या काडीने दात घाशीत रस्ताभर गप्पा मारत हिंडायच्या. त्या आता दारातच.

"आक्का, बाहेर दिसत नाही हल्ली?"

"कशाला बाई? म्या निघाले की त्यो दिवा डोळं वटारतो. मग टेम्पोवाली पोरं म्हनत्यात, आजी, घरला जावा. जीव नको नको हुतो." आक्का हसल्या, पण तोंडभर नाही. "त्यापरास आमचा पांडू बरा. सांजच्याला गुत्त्याकडं, रातच्याला गटाराकडं. खांबाला त्येचा नेम पयल्याच दिशी कळला!"

शलाकाही हसली. मग तिचं हसू विरलं. दारुड्याचा अंदाज येतो, म्हातारीचा येत नाही. म्हणून म्हातारी घरात. अंदाज अचूक करायचे दोन मार्ग असतात. एक तर यंत्र हुशार करायचं, नाहीतर माणसं सोपी करायची. दुसरा स्वस्त पडतो.

तिने आत पाहिलं. कुहू माजघरातून स्वयंपाकघरात चालली होती. फरशीच्या रेषेवरून. मध्येच तिला खिडकीत खार दिसली. ती थबकली, मनगटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आई, मी वळू?"

---

संक्रांत झाली आणि गावात हळदीकुंकवांचा धडाका सुरू झाला. रथसप्तमीपर्यंत माळशिंगीच्या बायकांना घरात थारा नसतो. या दारातून त्या दारात, रस्त्याच्या या अंगाहून त्या अंगाला. निघाल्या एकीकडे की दुसरी पदर ओढून तिसरीकडे नेते. चाचणी पावसाळ्यानंतरची. खांबांनी संक्रांत पाहिलेलीच नव्हती. त्यांच्यावरची कडी दिवसभर पिवळी-तांबडी होऊ लागली आणि गाड्या मुंगीसारख्या सरकू लागल्या.

"पंधरा दिवस कळ काढा," देवस्थळींनी नानांना समजावलं. आणि घाई असल्यामुळे त्यांनी ग्रामसभेची तारीख रथसप्तमीच्या दुसऱ्याच दिवशीची मागून घेतली. शहरात वाढलेला माणूस. सणांच्या दिवसांत माळशिंगीच्या बायका एकमेकींना रोज भेटतात, आणि भेटल्या की फक्त तिळगूळ देत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. नानांनाही ते आठवलं नाही. त्यांच्या हिशेबी ग्रामसभा पुरुषांचीच. महिलांची सभा आदल्या दिवशी घ्यायचा नियम होता, पण माळशिंगीत ती शिपाई दारोदार सह्या घेऊन उरकायचा.

रथसप्तमीच्या दुपारी शलाकाने कुहूचं बोरन्हाण ठेवलं. पाच वर्षांच्या आतलं हे शेवटचं. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार घालून पोर पाटावर बसली. अंगणात भोवती दहा-बारा मुलं, त्यांच्यामागे बायकांची गर्दी. बायडाआक्काही काठी टेकत आल्या होत्या. ओवाळून झालं आणि शलाकाच्या जावेने परात उचलून कुहूच्या डोक्यावर ओतली. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, लिमलेटच्या गोळ्या. सगळं टपटप टपटप अंगणभर उडालं.

आणि कुणीही हललं नाही.

बोरन्हाणात ज्या क्षणी परात रिकामी होते, त्या क्षणी पोरांचा डोंगर होतो. डोकी आपटतात, कुणी रडतं, कुणाचा फ्रॉक फाटतो. इथे मुलं वर्तुळात उभी होती. प्रत्येकाने आपलं मनगट किंचित वर धरलं होतं, नाडी दाखवायला धरावं तसं.

"किती शहाणी झाली गं पोरं!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

"अरं लुटा की!" आक्का ओरडल्या. "लुटा रं मुडद्यांनो! बघताय काय?"

एक मुलगा पुढे झाला. सरळ चालत आला, पायापुढचं एकच बोर उचललं आणि आल्या वाटेने मागे जाऊन उभा राहिला. मग दुसरी मुलगी. तिनेही एकच. तिच्या डावीकडे, हात पुरेल इतक्यावर लाल गोळ्यांचा ढीग होता. तिने त्याकडे मान वळवली, मनगट थरथरलं असावं, तिने मान परत सरळ केली.

बायकांचं हसणं विझत गेलं. नानांच्या सुनेचा मुलगाही त्यांत होता. ती आईच्या मायेने नाही, तर परक्याच्या पोराकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत होती.

कुहू पाटावर मुकुट सांभाळत बसली होती. केसांत चुरमुरे अडकलेले. तिने एकदाही खाली वाकून काही उचललं नाही. शलाका तिच्यापाशी बसली, पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि तो पदराच्या टोकाला बांधून टाकला. दारात संग्राम उभा होता. केव्हापासून, ते तिला कळलं नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो आत निघून गेला.

---

देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली तेव्हा सरपंच उज्ज्वलाताई पाहतच राहिल्या. डावी बाजू बायकांनी गच्च भरली होती.

"तुमच्या सह्या कालच झाल्या की!" शिपाई पुटपुटला.

"सह्या झाल्या, बोलणं राहिलं," नानांची सून म्हणाली. नानांनी घसा खाकरला.

आधी तेच उठले. नानांचं बोलणं रडगाणं नव्हतं. "बायांनो, ह्ये गाव फुलावर जगतंय. शेजारच्या तालुक्याचा रस्ता साठचा झालाय. त्यांचं टेम्पो आमच्या आधी बाजारात. उद्या व्यापारी आपल्या फुलाकडं बघायचा न्हाई, मग ह्याच पोरांना काय खायाला घालशीला?"

माना डोलल्या, बायकांच्यासुद्धा.

देवस्थळींनी पडद्यावर आकडा दाखवला. चाचणीच्या सगळ्या काळात अपघात: शून्य. टाळ्या पडल्या. शलाका उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती.

"साहेब, रस्त्यावर चालणारी माणसं खांब मोजतो ना?"

"अर्थात."

"मग तोही आकडा दाखवा. आधी किती चालायची, आता किती?"

देवस्थळींनी पुढचा तक्ता उघडला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो; तीच तर पंचाईत होती. "निम्म्याहून कमी झालीत. संक्रांतीचे दिवस सोडून. पण ताई, वर्दळ कमी होणं हे शहरनियोजनात यशच मानतात."

"म्हणजे रस्ता सुरक्षित झाला नाही. रिकामा झाला."

मागे कुजबुज झाली. "आणि पट्टा," ती म्हणाली. "तो रस्त्यासाठीच आहे, असं आम्ही समजलो होतो. माझ्या अंगणात कसा थरथरला? स्वयंपाकघरात कसा?"

"त्याला सरावाची अवस्था म्हणतो आम्ही. सवय फक्त रस्त्यावर लावता येत नाही, ती अंगात मुरावी लागते. मूल दिवसभर जसं चालतं, तसंच ते रस्त्यावर चालतं. एकदा मुरली की पट्ट्याचीही गरज उरत नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नाही इतकंच."

ते समजावून सांगत होते, शिक्षकासारखं.

"ओ साहेब," बायडाआक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "गाडीला लगाम घालाया आलावता न्हवं तुमी? पोराला कवा घातला?"

हशा पिकला. देवस्थळीही हसले. पण तो हशा लवकर थांबला. उज्ज्वलाताईंनी हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूने हात उठले; पुष्कळ उठले. शलाका संग्रामकडे पाहत होती. त्याचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलली, मुठीत मिटली, तिथेच राहिली. ग्रामसेवकाने दोनदा मोजलं. थोडक्यात, पण ठराव पडला. वेगमर्यादा पुन्हा तीस होणार होती आणि पट्टे परत जाणार होते.

"खूश?" मंडपाबाहेर संग्राम म्हणाला. "हात वर केला नाही म्हणजे तुझ्या बाजूचा झालो असं समजू नको. उद्या माल पडून राहिला तर बोलणारच आहे मी."

"बोला की. ऐकेन."

तो फिसकन हसला आणि नानांच्या घोळक्यात गेला. त्याला तिथलं ऐकून घ्यायचं होतं.

देवस्थळी गाडीपाशी पट्ट्यांची खोकी भरत होते. चेहऱ्यावर पराभव नव्हता. "ताई, मनात काही ठेवू नका. आम्ही पुढच्या वर्षी परत येऊ. पंधरा दिवस खांबांनी तुमची हळदीकुंकवं मन लावून पाहिलीत. आता संक्रांत त्यांना नवी नसेल."

"आम्ही पुढच्या वर्षी अशाच फिरू, हे कशावरून?"

"तसंच फिरता तुम्ही, ताई. माणसं तसंच करतात." ते मनापासून बोलत होते. शलाकाला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

ती कुहूला घेऊन रस्त्याच्या कडेला आली. पलीकडे आक्कांच्या दारात शेळीचं नवं करडू बांधलेलं होतं, चारही पायांवर टुणटुण उडत. कुहूने ते पाहिलं. डोळे चमकले. महिन्याभरापूर्वी ती केव्हाच सुटली असती आणि शलाका किंचाळली असती.

कुहू उभी राहिली. मनगट पुढे धरून. मनगटावर काहीच नव्हतं, फक्त पट्ट्याचा फिकट वण.

"जा," शलाका म्हणाली. "तुला करडू बघायचंय ना?"

"कुठून जाऊ?"

"तुला वाटेल तिथून."

खांबावरचं कडं तांबडं झालं आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. एकामागे एक, लांबपर्यंत. सभेहून परतणारी माणसंही थांबली. कुहू वाट पाहत होती, कुणीतरी हातात सांगेल याची. एक हॉर्न वाजला. मग दुसरा. शलाकाने मागे पाहिलं नाही. एरवी जे केल्याबद्दल तिने पोरीला धोपटलं असतं, तेच तिच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं.

"पळ!"

कुहूने आईकडे अविश्वासाने पाहिलं. मग एक पाऊल टाकलं, सरळ. दुसरंही सरळ. रस्त्याच्या मधोमध ती थांबली, करडाकडे निघालेली एकदम उजवीकडे वळली, कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक. एका चाकाला शिवली, गर्रकन फिरली आणि हसत सैरावैरा धावत सुटली.

शलाकाने पदर तोंडावर गच्च दाबून धरला, हाक बाहेर पडू नये म्हणून.